चार सूत आणि एक पाचर

मित्रांनो, सिहोऱ्यातल्या एका सुताराच्या दुकानात, खिळ्यांच्या डब्यात मी पडून आहे. मी राउटरचा, म्हणजे लाकडाची कड कोरणाऱ्या यंत्राचा, एक जुना बिट. माझा दांडा वाकला आहे, एका पात्याचा टवका उडाला आहे. मी खराब निघालो, असे गावभर सांगितले गेले. म्हणून आज बोलतो.

पोलादाचा दांडा, त्यावर कठीण धातूची दोन पाती आणि टोकाला छोटेसे बेअरिंग, असा मी कारखान्यातून बाहेर पडलो. राउटर यंत्रात बसवले की मी मिनिटाला हजारो वेळा फिरतो. बेअरिंग लाकडाच्या कडेला टेकून चालते आणि पाती त्या कडेवर लाटेसारखी नक्षी कोरतात. देव्हारा असो की दार, कड देखणी होते.

तशी कड हवी होती म्हणूनच तेजराम सुताराने तुमसरच्या दुकानात मला निवडले.

"दांडा किती?" त्याने विचारले.

"चार सूत," दुकानदार म्हणाला.

आमच्याकडे सुतारकाम सुतांत मोजतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच, जवळपास पावणेतेरा मिलिमीटर. मी होतो बारा मिलिमीटरचा. बोलताना मात्र दोन्ही मापांना चार सूतच म्हणतात. तेजरामचे यंत्र खऱ्या अर्ध्या इंचाचे होते.

तेजराम हलगर्जी नव्हता. त्याने आधी यंत्राचा प्लग काढला. मला धरणाऱ्या चिमटीत तळापर्यंत घातले, मग जरासे वर ओढले आणि नट आवळला. हे सगळे बरोबर होते. तरी मी हललो.

"ढिला आहे हा," रिता म्हणाली. रिता त्याची बायको. दुकानातले पॉलिशचे काम तिचे.

"कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला तर काय करतो आपण? पाचर मारतो."

"तुमची कुऱ्हाड का गरगर फिरते?"

"तुले लय समजते. आपलं पॉलिश पाय."

त्याने टिनाची पातळ पट्टी कापून माझ्या दांड्याभोवती गुंडाळली आणि नट पुन्हा आवळला. मी हलेनासा झालो. कुऱ्हाडीला पाचर योग्यच आहे. पण ही चिमटी दांड्याला सगळीकडून सारखी भिडली तरच धरते. पट्टीने मला धरले नव्हते, फक्त अडकवले होते.

काम बपेऱ्याच्या शकुंतलाबाईंच्या सागवानी दाराचे होते. पहिली कड सुबक उतरली.

"पाय, कशी आली," तेजराम कड दाखवत म्हणाला.

दुसऱ्या कडेला मी चिमटीतून खाली सरकू लागलो. पाती लाकडात खोल गेली, आवाज जड झाला. रिता समोर दार धरून उभी होती. दुकानात डोळ्यांवर लावायचा चष्मा एकच होता आणि तो तेजरामने लावला होता.

"आवाज बदलला. बंद करा," ती म्हणाली.

"झालंच."

माझा दांडा वाकला, मी सुटलो आणि पात्याचा टवका उडून समोर रिताला लागला. रिताचा उजवा डोळा वाचला नाही.

त्यानंतर जो विचारायला येई, त्याला तेजराम सांगे, "बिट खराब निघाला." रिता डोळ्यावर पट्टी बांधून ते ऐकत बसे. शकुंतलाबाई दार न्यायला आल्या, तेव्हाही तो तेच म्हणाला.

"आजकाल मालच तसा येते, बापा," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"बिट चांगला होता, काकू," रिता म्हणाली. "मापाचा नव्हता. मी यांले दोनदा सांगतलं."

शकुंतलाबाई दाराच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या. तेजराम खाली पाहत म्हणाला, "हो. सांगतलं होतं."

रिता आता पॉलिश करते ती बोटांनी कड चाचपून; एका डोळ्याला नक्षीची खोली कळत नाही. दुरुस्त न होणारा मी एकटाच नाही.

मित्रांनो, आमचे माप बोलीतल्या नावाने घेऊ नका. दांड्यावरचा आकडा वाचा, तो यंत्राच्या चिमटीशी जुळवा. सैल वाटले तर पाचर शोधू नका, त्या मापाची चिमटी आणा. जितकी माणसे जवळ उभी, तितके चष्मे ठेवा. आणि त्यांतले कुणी "बंद करा" म्हणाले, तर आधी बटण दाबा. काहून, ते मग विचारा.