न पाहिलेला बैल

परीक्षेला जाताना काखेत धरायचा चिमट्याचा पॅड तुम्ही पाहिला असेलच, मित्रांनो. मी त्याच जातीचा, पण आता फार जुना. माझे चारही कोपरे फुगलेत, चिमटा गंजलाय आणि अंगावर शाईचे इतके डाग पडलेत की मूळ रंग कोणता होता ते मलाही सांगता यायचं नाही. रडगाणं गायला मी बसलेलो नाही. खरं सांगायचं तर मधे काही आठवडे मला काही वाटेनासंच झालं होतं. तेही सांगतो.

लाकडाचा भुसा दाबून कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. कारखाना आठवत नाही. आठवतो तो जवळा बाजारचा आठवडी बाजार. साखरा गावच्या जनकाबाई माहेरी आल्या होत्या आणि लेकाच्या दहावीच्या पेपरासाठी पॅड शोधत होत्या. दुकानदाराने चार पॅड पुढे केले. त्यांनी प्रत्येकाचा चिमटा स्वतःच्या बोटावर लावून पाहिला. माझी पाळी आली तेव्हा त्या "आई गं!" म्हणाल्या आणि हसल्या. "ह्यो बराबर चावतो. ह्योच द्या."

अशी माझी निवड झाली. लेकाचं नाव प्रेमानंद. दहावी, बारावी, पुढचं कॉलेज, सगळे पेपर त्याने माझ्यावर लिहिले. बाकीचे पॅड परीक्षा संपली की माळ्यावर जातात. माझं नशीब थोर, कारण प्रेमानंदला कॉमिकची पुस्तकं लिहायची होती.

हा लिहायचा आणि त्याची धाकटी बहीण करुणा चित्रं काढायची. माझ्या चिमट्यात आधी त्याचा कागद लागे: "चौकट एक. बस घाटात बंद पडली आहे. कंडक्टर संगिता भुताकडे तिकीट मागते." मग तो कागद निघे, करुणाचा कोरा कागद लागे, आणि तासाभरात ते भूत खिशात सुटे पैसे चाचपताना दिसू लागे. 'कंडक्टर संगिता'चे सहा अंक निघाले. हिंगोली जिल्ह्यातल्या किती लेकरांनी ते शाळेच्या पुस्तकात लपवून वाचले, त्याला गणती नाही.

त्या घरात एक रीत होती. जनकाबाईंना वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक पान आधी त्यांच्यापुढे ठेवायचं, आणि त्यांनी नुसत्या चित्रांवरून गोष्ट सांगायची. अडखळल्या तर पान फाडायचं. "हिचा चेहरा रागाचा हाय का भ्यायल्याचा? मला कळून न्हाई राहिलं," असं त्या म्हणाल्या की करुणा मुकाट्याने नवा कागद लावायची. प्रेमानंद कुरकुर करायचा, पण त्याचीही मान हलवण्यापलीकडे मजल जात नसे. ते दिवस फार चांगले होते. तेव्हा माझ्या अंगावर रोज काहीतरी घडत असे.

मग करुणा लग्न होऊन वाशिमला गेली. सातवा अंक अर्धाच राहिला. प्रेमानंद माय-लेकाचं बिऱ्हाड घेऊन कनेरगाव नाक्याला आला, कारण तिथे फोनला रेंज चांगली होती आणि त्याने आता नवं काम काढलं होतं. दर शुक्रवारी नवा सिनेमा पाहायचा आणि त्याबद्दल फोनपुढे बोलायचं. 'प्रेमानंदचा शुक्रवार' असं त्याचं नाव. बोलणं त्याचं फर्मास! ऐकणारा हसून हसून लोळायचा. वर्षभरात लोक त्याला बसमध्ये ओळखू लागले, शाळांच्या गॅदरिंगला पाहुणा म्हणून नेऊ लागले. त्याचं कौतुक झालं याचं मला वाईट नाही वाटलं.

माझं काम मात्र बदललं. माझ्या चिमट्यात आता फोन लागे आणि मला पाण्याच्या माठाला टेकवून उभं करत. थिएटरात तेवढा तो मला मांडीवर घ्यायचा आणि अंधारातच पुढची वाक्यं खरडायचा. त्याला घाई असे. पुण्या-मुंबईच्या बोलणाऱ्यांआधी आपलं बोलणं लोकांपर्यंत गेलं पाहिजे, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून सिनेमा सुरू होतानाच तो लिहू लागे आणि संपायच्या आधीच उठून बस गाठे. मान खाली, पेन चालू. समोर काय दिसतंय ते मी त्याच्या मांडीवरून जास्त पाहत असे.

मागच्या बुद्धपौर्णिमेला करुणा चार दिवस माहेरी आली. प्रेमानंद बाहेर गेला तसा तिने मला उचललं. किती दिवसांनी माझ्या चिमट्यात कोरा कागद लागला! पुण्याच्या काही मंडळींनी एका सिनेमाच्या सुरुवातीची चित्रं तिच्याकडून मागवली होती. नावं येतात ना, तेव्हा मागे हलणारी चित्रं. तिने त्यांत साखऱ्याचं सगळं रान उभं केलं. सगळ्यात पुढे एक बैल, थकून बसलेला. जनकाबाई पाहतच राहिल्या.

"दादाला सांगू नको, माय," करुणा म्हणाली. "थेट पडद्यावर माझं नाव दिसलं पायजे त्याला. मग बघ कसा उड्या मारतो."

दिवाळीनंतर तो सिनेमा हिंगोलीत लागला. मी मांडीवर होतो. पडद्यावर तो बैल आला आणि मी ओळखला. प्रेमानंदने एकदा मान वर केली, बैल पाहिला, आणि लगेच माझ्यावर वाकून लिहू लागला. मग सगळं रान पडद्यावरून गेलं. त्या चित्रांच्या शेवटी करुणाचं नावही आलं आणि गेलं. तो लिहीतच होता. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो.

घरी येऊन त्याने मला माठाला टेकवलं, माझ्या चिमट्यात फोन लावला आणि बोलला. "सुरुवातीची चित्रं पाहिली का? काढणाऱ्यानं आधी एकदा बैल बघून यावं! मी म्हणतो, कुत्र्याला शिंगं लावली तरी यापेक्षा बरं दिसलं असतं." मी फोन घट्ट धरून उभा होतो. ज्या अंगावर ती चित्रं काढली गेली त्याच अंगाने मी ते बोलणं तोलून धरलं. त्या क्षणापासून मी बधिर झालो.

दोन दिवसांत ते बोलणं जिल्हाभर फिरलं. रविवारी सकाळी प्रेमानंद खुशीत फोन पाहत बसला होता. कुणीतरी तो पडद्यावरचा बैल फोटो काढून त्याच्या बोलण्याखाली चिकटवला होता. जनकाबाई चहा घेऊन आल्या आणि कप हातातच धरून थांबल्या.

"ह्यो तर आपला बैल," त्या म्हणाल्या. "करुणानं काढलेला. हितंच बसून, ह्याच पॅडवर."

प्रेमानंद हसायचा थांबला.

"कोणाला बोलून राहिला रे तू? पाहिलं तरी का नीट?"

त्याने वाशिमला वीस वेळा फोन लावला. तिने घेतला नाही. तेव्हा त्याने मला पिशवीत कोंबलं आणि आम्ही दोघांनी बस धरली.

करुणा मेथी निवडत होती. भांडली असती तर बरं झालं असतं. ती पाणी घेऊन आली आणि परत मेथीपाशी बसली.

"चुकलं माझं," प्रेमानंद म्हणाला. "चित्रं लई भारी हायेत, करुणा. मी आजच तसं सांगतो सगळ्यांना."

"काहून? शुक्रवारी वाईट व्हती, आज भारी झाली? म्हंजे शुक्रवारी खोटं बोललास, का आज बोलून राहिलास?" तिचा आवाज अगदी सपाट होता. "तुला चित्रातलं कळतं, दादा. तू म्हणलास तर वाईटच असतील. मी सोडलं आता काढायचं. काही तकलीफ न्हाई मला."

हे ऐकून प्रेमानंदचं तोंड उतरलं. तो माझ्या चिमट्याशी चाळा करू लागला. मग बोलला. "मी पाहिलीच न्हाईत. खाली मान घालून लिहून राहिलो व्हतो. एक बैल दिसला अर्धामुर्धा. तेवढ्यावर बोललो."

करुणाचा हात मेथीत थांबला. "मग हे सांग त्यांना," ती म्हणाली.

सोपं नव्हतं ते. सिनेमावर बोलणाऱ्याने आपण सिनेमा पाहत नाही असं कबूल करायचं म्हणजे स्वतःच्या हाताने दुकान बंद करणं. पण त्याने तिथेच, तिच्या ओट्यावर, फोन माझ्या चिमट्यात लावला आणि एकही विनोद न करता सगळं सांगितलं. लोकांनी त्याची सालटी काढली. निम्मे ऐकणारे निघून गेले आणि गॅदरिंगची आमंत्रणं थांबली. मला मात्र त्याने वाशिमलाच ठेवलं.

करुणाने तरी पेन्सिल घेतली नाही. मला तिने पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून घातलं. मीही पडून राहिलो. दर रविवारी प्रेमानंद मायला घेऊन यायचा, पीठ झटकून मला कागद लावायचा आणि तिच्यापुढे ठेवायचा. "काढ. मी बघतो." ती स्वयंपाकाला उठून जायची. तो बसून राहायचा. असे पाच रविवार गेले, मी मोजलेत.

सहाव्या रविवारी जनकाबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. करुणा मला घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि त्यांचं चित्र काढू लागली. प्रेमानंद शेजारी बसला. त्याने फोन काढला नाही, की पेन हातात घेतलं नाही. तासभर तो नुसता पाहत होता.

"कसं झालं?" तिने विचारलं.

त्याने आणखी थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मायचा डावा हात आखूड झाला."

मित्रांनो, मला वाटलं, संपलं आता. करुणाने कागदाकडे पाहिलं, मायच्या हाताकडे पाहिलं. "व्हय," ती म्हणाली. "झालाच." आणि तिने खोडरबर घेतला.

तुम्ही कुणाच्या चित्राला, गाण्याला, रांगोळीला नावं ठेवाल, जरूर ठेवा. आधी मान वर करून तेवढं पाहून घ्या. खोडलेला हात ती परत काढते आहे. तिचं मनगट माझ्या अंगावर टेकलंय, आणि मला ते जाणवतंय.