अर्धं इंग्रजी तुमचं, अर्धं माझं

चूक कुणाची म्हणाल तर आमच्या ह्यांची. मी बापडी सांगतील ते ऐकणारी. असं मी म्हणते हं, शेजाऱ्यांना विचारायला जाऊ नका.

आमचं शिवणाचं दुकान आहे, आणि मागच्या खोल्यांत घर. हे कापड बेतणार, मी शिवणार, लग्न झाल्यापासून हेच. ह्यांनी कधी सुईत दोरा ओवला नाही, मी कधी त्यांच्या कात्रीला हात लावला नाही. तरी आमच्याकडचा कोट असा बसतो की गिऱ्हाईक आरशासमोरून हलत नाही. वाटून घेतलं की काम निम्मं होतं, हे ह्यांचं लाडकं तत्त्व.

तर आमच्या मुलानं मुलगी पसंत केली. परभाषेतली, पण पोर सोन्यासारखी. मोडकंतोडकं का होईना, आमच्या भाषेत बोलायची, माझ्या मशीनशेजारी बसून बटणं लावायची. मला लेक नाही. ती गेली की घर रिकामं वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण तिची आई काही केल्या तयार होईना. दुकान आणि घर एकाच छपराखाली, म्हणजे माझी मुलगी दोन्हीकडे राबणार, हे तिचं म्हणणं. आणि पोर आईचं मन मोडून यायला तयार नव्हती. शेवटी असं ठरलं की आईवडील येऊन घर बघतील आणि आई काय तो निकाल देईल.

त्या बाईंना आमची भाषा येईना, आम्हाला त्यांची. मुलगा म्हणाला, "मी आहे ना मध्ये बोलायला." पण ऐकतील तर आमचे हे कसले! मोबाईलवर एक मास्तरीण रोजच्या प्रसंगांचं इंग्रजी शिकवते. पाहुणे आले तर काय बोलावं, निरोप कसा द्यावा, वगैरे. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. हे हात धुवून त्याच्या मागे लागले आणि लगेचच तोंडाला फेस आला.

"अगं," हे म्हणाले, "सगळं दोघांनी कशाला पाठ करायचं? प्रश्न मी घेतो, उत्तरं तू घे."

आणि मला ते पटलं! माझ्या अकलेची कमाल बघा.

मग काय, टेबलावरून हे ओरडायचे, "हाउ आर यू?" आणि मी मशीनवरून, "आय अ‍ॅम फाइन, थँक यू!" दुकानात आलेले लोक कौतुकानं ऐकत उभे राहायचे. आम्ही कध्धी अडखळलो नाही. एकमेकांशीच बोलत होतो ना!

ठरलेल्या दिवशी मुलगा आणि ती पोर तिच्या वडिलांना ऑफिसातून आणायला गेली. ती तिघं यायच्या कितीतरी आधी पोरीची आई एकटीच दारात हजर. मुद्दामच आल्या असणार. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. कपड्यांना कडक इस्त्री, चेहऱ्याला त्याहून कडक.

"हाउ आर यू?" त्यांनी ह्यांना विचारलं.

झालं! ह्यांच्याकडे उत्तर कुठलं? "हाउ आर यू?" हे म्हणाले, आणि दम न घेता, "हाउ वॉज युअर जर्नी?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हेरी कम्फर्टेबल, थँक यू."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मी माझ्याच घरात सुखरूप येऊन पोचले होते.

त्यांनी सगळ्या खोल्यांवरून नजर फिरवली आणि ह्यांना थेट विचारलं, "हू कुक्स हिअर?"

ह्यांना ओ की ठो कळलं नाही. "वुड यू लाइक सम टी?"

"येस, प्लीज," मी म्हणाले. "विथ अ लिटल शुगर."

जीभ चावली मी! ह्यांनी माझ्याकडे जे डोळे वटारले! मी उठायलाच हवं होतं, निम्मी उठलेही होते. पण बाईंच्या चेहऱ्यावरची इस्त्री जराशी विस्कटलेली दिसली. म्हटलं, बसावं. आणि खरं सांगू? मजाही वाटली. गडी निमूट आत गेला.

"अगं, साखर कुठाय?" आतून हाक आली.

"शोधा म्हणजे सापडेल," मी गोड आवाजात सांगितलं आणि बाईंकडे बघून हसले.

भांडी आदळली. काहीतरी उतू गेल्याचा वास आला. बऱ्याच वेळानं हे ट्रे घेऊन आले, शर्टावर डाग, कपाळावर घाम. चहा गाळायचा असतो हे ह्यांच्या गावीही नव्हतं. आम्ही दोघी दातांनी गाळत प्यायलो.

बाईंनी कप खाली ठेवला. "डझ ही मेक टी एव्हरी डे?"

एवढं मला कळलं. आणि उत्तरही तयार होतं: येस, ऑफ कोर्स. एवढं म्हटलं की पोर माझी. हे ट्रेच्या आडून जोरजोरात मान डोलावत होते. पण जीभ रेटेना. ती लेकराची आई आहे, मीही आईच. तिची पोर मागायची आणि पहिल्या भेटीतच तिच्या डोळ्यांत धूळ फेकायची?

"नो," मी म्हणाले. मास्तरणीनं न शिकवलेलं माझं पहिलं वाक्य जुळवलं, "धिस... फर्स्ट टाइम."

ह्यांची मान जिथल्या तिथे थांबली. गेली पोर हातची!

बाईंनी ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मिशीत अडकलेली चहाची पत्ती पाहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "माय हजबंड... नॉट येट."

आणि अशा खदखदून हसल्या की मलाही आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

मुलगा सगळ्यांना घेऊन आला तेव्हा आम्ही अजून पदरानं डोळे पुसत होतो. बाईंनी नवऱ्याला काहीतरी सांगून स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तो बिचारा बूट काढून ह्यांच्यामागे आत गेला. मग त्या लेकीशी आपल्या भाषेत बोलल्या. पोरीचे डोळे भरून आले.

"काय म्हणाली गं आई?" माझा जीव नुसता टांगणीला.

"म्हणाली, ही बाई खोटं बोलत नाही. हिच्या घरी तुला पाठवायची मला भीती नाही."

पाठ केलेली सगळी उत्तरं मी बाजूला ठेवली. पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या आईचा हात घट्ट धरला. आत काहीतरी सांडलं. आम्ही दोघी बसूनच राहिलो.