शेपटी आणि दोन ठिपके

"काका, या खेळाडूच्या सहीला सध्या काय भाव आहे?"

एवढं एक वाक्य भिंगरीने रस्ताभर घोकलं होतं, आणि दुकानात शिरल्यावर ते तोंडातून असं निसटलं, जणू ती कांद्याबटाट्यांचाच भाव विचारत होती. बाहेर काचेला नाक लावून तिच्या दोन मैत्रिणी उभ्या होत्या, उंच शेंग आणि मोठ्या आवाजाची भोपू. तिला आत त्यांनीच पाठवलं होतं.

झालं होतं असं की शाळेच्या फुटबॉल संघात कोण कुठे खेळणार हे उद्या सकाळी ठरणार होतं, आणि कोच मॅडमनी भिंगरीसाठी नऊ नंबरचा शर्ट आधीच बाजूला काढून ठेवला होता. का, तर तिचे बाबा एके काळी नऊ नंबर घालून गोलांवर गोल मारायचे. आता ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवत, पण लोकांच्या लेखी अजून नऊ नंबरच.

भिंगरीला मात्र गोल मारायची वेळ आली की पायात गोळेच यायचे. तिला आवडायचं ते गोल अडवणं. मागे एकदा गोलकीपरचा पाय मुरगळला म्हणून ती जाळ्यासमोर उभी राहिली, मनसोक्त मातीत लोळली आणि घरी पोचेपर्यंत एकटीच हसत राहिली. पण हे घरी सांगायचं कसं? बाबांचं नाव खाली पाडलं असं कुणी म्हटलं तर? या विचाराने तिची झोप उडाली होती. शेवटी शेंगने तोडगा काढला. "जुन्या वस्तूंच्या दुकानात तुझ्या बाबांच्या सह्या विकायला आहेत. जा, भाव विचार. भारी निघाला तर गप नऊ नंबर घाल. फुटकळ निघाला तर खुशाल गोलमध्ये उभी राहा. आणि तू कोण ते सांगायचं नाही."

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. "खरी हवी की नकली?"

"नकलीपण असते?"

"नावाजलेल्या माणसाची असणारच." त्याने कपाटातून एक फोटो काढला. फोटोत बाबा होते, डोक्यावर टोपलंभर केसांसह. "ही बघ, खरी. अक्षर कसं, मोत्याच्या दाण्यासारखं. खाली लांब शेपटी, आणि शेपटीखाली दोन ठिपके. ही त्याची खूण. चांगल्या बुटांच्या जोडीएवढे पैसे पडतील."

भिंगरी डोळे फाडून बघत राहिली. ती शेपटी आणि ते दोन ठिपके ती रोज बघत होती. फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर. 'दूध उतू जाऊ देऊ नकोस'च्या खाली.

"आणि नकली?"

दुकानदाराने पायानेच एक टोपली पुढे ढकलली. "या सगळ्या. कुणीतरी हलत्या गाडीत बसून खरडल्यासारख्या." टोपलीतल्या प्रत्येक फोटोवर शाईत पडलेली मुंगी वाटेल तिकडे धावत सुटली होती. ही मुंगीही भिंगरीच्या ओळखीची होती. भिंगरी आजारी पडली की शाळेत जाणाऱ्या अर्जाखाली हीच धावायची.

"याला काय भाव?"

"बुटाच्या नाडीचा. तोही एकाच बुटाच्या. तुला हवी तर अशीच घेऊन जा. पण खरी म्हणून कुणाला दाखवू नकोस, हसतील."

बाहेर आल्या आल्या भोपूने तिचा दंड पकडला. "किती?"

"बुटांची जोडी. आणि एक नाडी."

"अगं, नक्की काय?"

"तेच घरी जाऊन विचारते."

घरी बाबा उद्या कामावर घालायच्या शर्टाला इस्त्री करत होते आणि आई त्याच शर्टाचं तुटलेलं बटण शोधत टेबलाखाली शिरली होती. भिंगरीने दुकानातून फुकट आणलेला फोटो शर्टाच्या बाहीवर ठेवला. "बाबा, ही सही कुणाची?"

"माझीच की. संघाच्या बसच्या खिडकीतून केलेली. ड्रायव्हर थांबायचाच नाही, पोरं शेजारून पळत असायची. तुला कुठे मिळाली?"

"नकली सह्यांच्या टोपलीत. खरीला म्हणे शेपटी असते. आणि दोन ठिपके."

टेबलाखालची हालचाल थांबली. मग आई बाहेर आली, बटणाशिवाय.

"टपालाने गठ्ठेच्या गठ्ठे यायचे," ती म्हणाली. "हा सरावाहून येऊन जेवताजेवता झोपायचा. लोक बिचारे वाट बघत असतील, म्हणून मी आपल्या करून टाकायचे. ह्याला विचारून हं."

"विचारलं नव्हतंस," बाबा म्हणाले. "सांगितलं होतंस."

"म्हणजे बाजारात आई खरी आणि तू नकली," भिंगरी म्हणाली, आणि बाबा इतके हसले की इस्त्री आधी बाजूला ठेवावी लागली.

"भाव कुणाला आलाय ते बघून ठेव," आईने त्यांना बजावलं. "यापुढे माझ्याशी जरा अदबीने."

"हो, पण त्या दुकानदाराला सांगायला हवं. लोक पैसे मोजतात. उद्या जाऊन त्याला खऱ्या सह्या करून देतो."

"त्याला त्या नकलीच वाटतील," भिंगरी म्हणाली.

"मग तुझ्या आईला सोबत नेतो. ती ओळख देईल माझी."

भिंगरी धपकन खुर्चीत बसली. इतके दिवस ती ज्या नावाखाली दबून चालत होती, ते नाव आईने याच टेबलावर, दूध तापेपर्यंतच्या वेळात, शेपटीबिपटी लावून लिहिलं होतं. छातीवर बसलेलं कुणीतरी उठून गेल्यासारखं तिला वाटलं. तरी एक प्रश्न उरलाच होता.

"बाबा, समजा माझ्यामुळे तुझं नाव खाली पडलं, तर?"

"खाली कुठे?" बाबांनी फोटो उचलून पुन्हा बाहीवर इस्त्री फिरवायला घेतली. "टोपलीत तर आहेच ते."

आई मात्र तिच्याकडे बघत राहिली. "काय झालंय गं? कोण काय म्हणालं?"

"अजून कुणी नाही. उद्या म्हणतील." भिंगरी उठून उभी राहिली, अगदी जाळ्यासमोर राहते तशी, पाय फाकवून. "ऐका दोघंही. सकाळी मी कोच मॅडमना सांगणार आहे, नऊ नंबर कुणालाही द्या. मी गोलमध्ये उभी राहणार."