‘सिरेना’तली दोन अक्षरे

मित्रांनो, बेलग्रेडच्या दक्षिणेला असलेल्या पाराचिन गावच्या बसथांब्यामागे एक लाल, गंजलेला डबा उभा आहे. जाणारे-येणारे त्याला पाठ टेकून बसची वाट पाहतात. तो डबा म्हणजे मी, एक जुनी पेपरची टपरी. माझी खिडकी आता बंद असते, पण कान उघडे आहेत. जे ऐकले ते तुम्हाला सांगावे म्हणते. ऐकून झोप उडाली तर मला बोल लावू नका.

माझा जन्म स्लोवेनियातल्या एका कारखान्यात झाला. तेव्हा तो भाग आणि आमचा भाग मिळून देश एकच होता. मला ट्रकवर चढवून इथे आणले आणि चार मजुरांनी शिव्या देत देत जमिनीवर बसवले. तेव्हा मी कशी लखलखीत होते! पोरे माझ्या काचेत तोंडे वेडावून बघत.

‘सिरेना’ माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. सिरेना म्हणजे भोंगा. बेलग्रेडच्या कुणा चार पत्रकारांनी या पेपरचे बारसे केले, तेव्हा नाव एवढे खरे ठरेल असे त्यांनाही वाटले नसेल. पहिल्यांदा ती अगदी साधी होती. पातळ, काळी-पांढरी, दुपारच्या बसने येणारी. आत फुटबॉल, शब्दकोडे, हिवाळ्यासाठी मिरच्यांची चटणी कशी घालावी ते, आणि शेवटच्या पानावर काळ्या चौकटीत गेलेल्या माणसांचे फोटो. म्हाताऱ्या बायका पेपर घेतल्या घेतल्या शेवटचे पान उघडत. आपल्यातले कोण गेले ते पाहून झाले की मग पुढे पंतप्रधान कोण आहे ते बघत. सिरेनाशिवाय मेलेला माणूस धड मेला असे आमच्या गावाला वाटत नसे.

माझ्या खिडकीत स्तामेना साविच बसायची. लग्न झाले त्या वर्षी ती इथे आली आणि इथेच तिचे केस पिकले. दोरी बांधायची, कपड्यांच्या चिमट्यांनी पेपर टांगायचे, सूर्यफुलाच्या बिया पुड्यांत भरायच्या, आणि गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनवायचे, हा तिचा दिवस. तिचा नवरा रातोमिर नीश शहराला जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर. बस थांबली की तो खिडकीशी येऊन उभ्या उभ्या जेवायचा. दोघे फारसे बोलत नसत, पण तो आला की स्तामेनाचा आवाज खाली यायचा. मला ते फार आवडायचे.

मग युद्धे झाली, देशाचे तुकडे झाले. एका वसंतात डोक्यावरून बॉम्ब टाकणारी विमाने गेली, खरा भोंगा वाजला आणि माझी एक काच गेली. त्यानंतर ‘सिरेना’ला नवा मालक मिळाला. त्याने तिची लिपी बदलली, रंग बदलला, सगळा चेहराच बदलला. आता ती सकाळी येऊ लागली. हातभर लाल अक्षरे! चोर! देशद्रोही! राक्षस! रोज एक नवा राक्षस. मलाही तिच्याच लाल रंगाने रंगवून काढले. खप तिप्पट झाला आणि सगळे म्हणाले, टपरी कशी नवी कोरी दिसते!

ज्याच्यावर संशय आहे त्याचे पूर्ण नाव छापायला मनाई, म्हणून ‘सिरेना’ नुसती दोन अक्षरे छापायची. नावाचे एक, आडनावाचे एक. इथूनच आमच्या गावाचा नवा खेळ सुरू झाला. सकाळी माझ्यासमोर जमायचे आणि अक्षरे लावायची. शब्दकोडे कुणी सोडवेनासे झाले. ब्लागोये नावाचा एक निवृत्त काच-कामगार होता, तो या खेळात पटाईत. दोन-तीनदा त्याचा अंदाज खरा निघाला, तेव्हापासून तो बोलू लागला की बाकीचे गप्प बसत.

आता एक गोष्ट सांगते ती नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. आमच्याकडे लिहायला दोन लिप्या आहेत. एक जुनी, सिरिलिक. दुसरी लॅटिन, परदेशी पाट्यांवर असते ती; नव्या मालकाची ‘सिरेना’ हिच्यातच निघायची. पोरे शाळेत दोन्ही शिकतात आणि मोठेपणी एकाच चिठ्ठीत दोन्ही लिहितात. पण जुन्या लिपीतला ‘र’ दिसायला हुबेहूब दुसरीतल्या ‘प’सारखा असतो. आणि जुनीतला ‘स’ दिसायला दुसरीतल्या ‘च’सारखा. हा च चाकातला, चहातला नव्हे. पूर्ण शब्द असला तर कुणी फसत नाही. एकेकटे अक्षर असले तर देवच राखो.

एका हिवाळ्यात शेजारच्या खेड्यात एका घरी त्यांच्या कुळाच्या संताचा सण होता. पाहुणे जमले, मेजवानी झाली, आलुबुखाराची दारू ओतली गेली. ती दारू विषारी होती. तीन माणसे गेली, एकाचे डोळे गेले. कुणीतरी औद्योगिक स्पिरिट मिसळून प्लास्टिकच्या कॅनमधून विकले होते.

दुसऱ्या दिवशी ‘सिरेना’ आली. स्तामेनाने चिमटे लावले आणि पहिले पान वाऱ्यावर फडफडले. सणाच्या ताटात मरण! संशयित प. च. अजून मोकळा!

ब्लागोयेने टोपी मागे सारली. “प. च.,” तो म्हणाला. “दारू गाळणारा. आपल्या भागातला. अरे, डोकं कशाला खाजवताय? पेरिशा चाकिच!”

पेरिशा चाकिच आमच्याच गल्लीतला. त्याच्या अंगणात तांब्याची भट्टी होती आणि दर शरद ऋतूत निम्मे गाव त्याच्याकडून दारू नेत असे. तो स्तामेनाचा कूम होता. कूम म्हणजे लग्नात वधूवरांशेजारी साक्षीला उभा राहणारा माणूस; वधूला तो ‘कुमो’ अशी हाक मारतो. आमच्याकडे भावाशी भांडलेले चालते, कुमाशी नाही.

“ब्लागोये, तोंड आवर,” स्तामेना खिडकीतून निम्मी बाहेर आली. “गेल्या रविवारी त्याचीच बाटली पिऊन टेबलावर नाचत होतास. मेलास का?”

“दोन दिवस पोटात ढवळत होतं माझ्या!”

“अर्धं डुक्कर एकट्याने खाल्लंस म्हणून ढवळत होतं.”

लोक हसले. मलाही वाटले, संपले. पण हसणारे घरी गेले आणि त्यांनी पेरिशाकडच्या बाटल्या मोरीत ओतल्या.

मग ते वाढतच गेले. बेकरीवाली पेरिशाच्या हातात पाव देईना, काउंटरवर ठेवून हात मागे घेई. पोलीस त्याच्या दारी गेले नाहीत, तर लोक म्हणाले, वशिला असणार. त्याच्या फाटकावर कुणीतरी डांबराने एक शब्द लिहिला, तो मी तुम्हाला सांगणार नाही. त्याची बायको नीशला लेकीकडे निघून गेली. एका दुपारी माणसांचा घोळका माझ्यासमोरून गेला. कुणी ओरडत नव्हते, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. थोड्या वेळाने पेरिशाच्या अंगणातून तांब्याच्या भट्टीवर कुऱ्हाड पडल्याचे आवाज येऊ लागले.

बसमध्ये पेरिशाशेजारी कुणी बसत नसे. रातोमिर त्याला आपल्या मागच्या सीटवर बसवी आणि साऱ्या वाटेत मोठमोठ्याने फुटबॉलच्या गप्पा मारी, सगळ्यांना ऐकू जावे म्हणून. स्तामेनाने ‘सिरेना’ टांगणे बंद केले. मागितली तर खालून काढून, घडी घालून देई.

अशात एका सकाळी ग्वोझ्देन आला. हा ‘सिरेना’चा जुना वार्ताहर, तिच्या काळ्या-पांढऱ्या दिवसांपासूनचा. त्या विषारी दारूची बातमी पाठवली त्याच रात्री आजारी पडला आणि तेव्हापासून हॉस्पिटलात होता. सिगारेट मागता मागता त्याने मागचे अंक चाळले आणि त्याचा हात थांबला.

“प. च.?” तो म्हणाला. “स्तामेना, मी हे लिहिलंच नव्हतं.”

“मग?”

“मी हाताने लिहून फॅक्स केला होता. जुन्या लिपीत, माझ्या सवयीने. बाकीची बातमी त्यांनी नीट उतरवली आणि ही दोन अक्षरं दिसली तशी ठोकली. मी र. स. लिहिलं होतं.”

स्तामेनाच्या तोंडावर आनंद आला. मी तो पाहिला. आणि तो जागच्या जागी कसा विझला, तेही पाहिले. र. स. रातोमिर साविच. नीशच्या बसमधून गावाचे दारूचे कॅन नेणारा-आणणारा.

“पूर्ण नाव काय आहे?” तिने विचारले.

“पोलिसांनी मलाही अक्षरंच दिली.” ग्वोझ्देनही आता तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागला होता. तो वाईट माणूस नव्हता. हळूच म्हणाला, “हे बघ, बेलग्रेडला आता ही बातमी आठवतही नसेल. मी फोन केला नाही, तर कुणी विचारणार नाही. तू सांग.”

“दुपारी ये,” ती म्हणाली.

दुपारी बस आली. रातोमिर नेहमीप्रमाणे खिडकीशी उभा राहून खिमा भरलेला बुरेक खाऊ लागला.

“त्या सणाच्या आधी कॅन कुणाकुणाचे आणलेस रे?”

“सगळ्या गावाचे. आपल्या कुमाचेही. मी काय बूच उघडून वास घेत बसतो? का गं?”

“काही नाही. खा, गार होतंय.”

तो गेला. स्तामेना बराच वेळ हातातल्या चिमट्याची उघडझाप करत बसली. तिला ओरडून सांगावेसे वाटत होते मला, गप्प राहा बाई, आपले घर सांभाळ. मला वाचा नाही ते बरेच झाले. ग्वोझ्देन आला तेव्हा तिने वरही पाहिले नाही.

“छाप,” ती म्हणाली.

“नीट विचार केलास?”

“तो माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभा होता, ग्वोझ्देन. छाप.”

खुलासा यायला कितीतरी दिवस लागले. आला तो आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. ‘प. च. ऐवजी र. स. असे वाचावे. तसदीबद्दल दिलगीर आहोत.’ तोडलेल्या भट्टीला आणि डांबराच्या फाटकाला त्यांनी तसदी म्हटले होते.

पण गावाला तेवढे पुरले. ब्लागोयेने पेरिशाला हाताला धरून माझ्यासमोर आणला. त्याला मिठ्या मारल्या, डोळे पुसले. “मी पहिल्यापासून सांगत होतो, आपला पेरिशा असं करणारच नाही!” लोकांनी माना डोलावल्या. बेकरीवाली गरम पाव घेऊन धावत आली. स्तामेनाने खिडकीतून कॉफी दिली. पेरिशाने ती दोन्ही हातांनी धरली आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा हसला. अंगाने निम्मा झाला होता बिचारा. ही कॉफी कुणामुळे मिळते आहे, हे त्याला ठाऊक नव्हते आणि स्तामेना ते सांगणार नव्हती.

ब्लागोयेने पेपर पुन्हा उघडला. “मग हा र. स. कोण?”

आता माणसे मनात नावे जुळवत होती. कुणीतरी एक नाव घेतले, ते कधीच वारलेले निघाले. दुसऱ्याने घेतले, ते व्हिएन्नाला गेलेले निघाले.

पेरिशाने कॉफीचा घोट घेतला. तो विचार करत होता, अगदी मन लावून, शब्दकोड्यात अडलेला माणूस करतो तसा.

“कुमो,” तो म्हणाला, “रातोमिर अजून नीशच्याच गाडीवर असतो ना? म्हणजे, कॅन तोच नेतो सगळ्यांचे... म्हणून आपलं विचारलं.”

त्याच्या आवाजात द्वेष नव्हता. असता तर बरे झाले असते. स्तामेनाने त्याच्याकडे पाहिले. लोकांनी स्तामेनाकडे पाहिले. मग तिने दोरीवरचे चिमटे काढून डब्यात टाकले, पेपर आत घेतले आणि माझी खिडकी खाली ओढली. भर सकाळची वेळ होती. ती खिडकी त्यानंतर कुणी उघडली नाही.

खरा र. स. पुढे पकडला गेला. मोरावा नदीपलीकडच्या कुठल्याशा खेड्यातला, आमच्या गावात कुणी पाहिलेलाही नव्हता. ‘सिरेना’ने ते छापले की नाही, मला ठाऊक नाही. मी तोवर बंद होते आणि रातोमिरच्या घराच्या काचा तोवर फुटल्या होत्या. दोघे गाव सोडून गेले. पेरिशा कधीकधी येतो, माझ्या खिडकीवर बोटांनी टकटक करतो आणि आत कुणी नाही हे ठाऊक असूनही उभा राहतो. मला त्याचा राग येतो. आणि त्याची कीवही येते.

मित्रांनो, मला नवा रंग नको, नव्या काचा नकोत. एवढेच मागते, कुणाच्या नावाची अक्षरे लावण्याआधी त्याचे दार वाजवा, त्याच्या घरी बसून कॉफी प्या. ‘सिरेना’ आता कागदावर कमी आणि मोबाइलवर जास्त निघते. माझ्या पाठीला टेकून लोक ती वाचतात. आज सकाळीच दोघे एकमेकांना विचारत होते, हा म. ज. कोण असेल रे? तुमच्या ओळखीत कुणी म. ज. आहे का? असेल तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा.