काचेवरची साळूबाई

एक डोळा, वाकलेली मान आणि टवके उडालेलं काळं अंग. मित्रांनो, १९८१ साली अंबाल्याच्या कारखान्यात जन्मलेला मी सूक्ष्मदर्शक. आधी एका कॉलेजात होतो. तिथली पोरं माझी भिंगं शर्टाच्या टोकानं पुसायची, मला असा राग यायचा! मग जालन्याच्या राजकुमारीबाईंनी मला आपल्या तपासणीच्या खोलीत आणलं. त्या हुकमचंद शेठ भुसारवाल्यांची लेक, पण डॉक्टर झाल्या. मला मलमलीनं पुसायच्या. माझा जीव होता त्यांच्यावर.

१९९८ ची दिवाळी नुकतीच झाली होती. वाटूर गावच्या तपासणी शिबिरात बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी घेतलेल्या पेशी काचपट्ट्यांवर आल्या होत्या. त्यातली एक पट्टी बाईंनी माझ्याखाली सरकवली आणि बराच वेळ मान वर केलीच नाही.

मीही पाहत होतो. पेशीच्या पोटात बारीक धाग्यांचं जाळं असतं. बाजेला सुंभाची वीण, तसा तो पेशीचा आतला सांगाडा. ते धागे मला दिसत नाहीत, खोटं कशाला बोलू? पण ते ढासळले की कळतं. गाठी करणारा एक विषाणू आहे. तो पेशीत शिरतो, तिच्याकडूनच आपली प्रथिनं बनवून घेतो, आणि त्यातलं एक प्रथिन जाळ्याला चिकटून ते कोसळवतं. मग केंद्रकाभोवती पोकळी उरते. त्या पट्टीवर अशा पोकळ पेशी जागोजागी होत्या.

"नुसत्या पोकळ असत्या तर थांबून पाहिलं असतं," बाई बेबीनंदा नर्सला म्हणाल्या. "पुष्कळदा त्या आपोआप बऱ्या होतात. पण हिची केंद्रकंही फुगलीत, काळवंडलीत. आत्ता इलाज केला तर पुरती बरी होईल. असंच राहू दिलं तर पुढं कॅन्सर."

पट्टीवर नाव होतं, साळूबाई कारभारी, वाटूर.

निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी साळूबाई आली, सोबत घाबरलेला नवरा. "मी कारभारी," तो म्हणाला. "हिला काय झालं?" बाईंनी पुन्हा नमुना घेतला, रंग दिला, माझ्याखाली ठेवला. एकही पेशी पोकळ नव्हती.

"पहिली पट्टी चुकली असेल," बेबीनंदा म्हणाली. बाईंनी पहिली पट्टी परत लावली. पोकळ पेशी तशाच होत्या.

"या पेशी हिच्या नाहीत," बाई म्हणाल्या.

तेव्हा साळूबाईला रडू कोसळलं. "बाई, मी शिबिरात तपासून घेतलंच न्हाई. लाज वाटली. दारातून मागं गेल्ते, अन् ह्यांला खोटं सांगितलं."

आता बेबीनंदाचा चेहरा उतरला. "शिबिरात मी त्या बाईला मालकाचं नाव विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, आमचे कारभारी. इकडं गावोगाव कारभारी नावाची माणसं. मी तसंच लिहिलं."

"अवं, मालकाचं नाव कुठं घेती बाई?" साळूबाई डोळे पुसत म्हणाली. "कारभारी म्हंजे तिचा नवरा. गावात माझ्या नावाची दुसरी एकच, कडूबाची साळूबाई. पर ती ऊसतोडीला चालली. ट्रक आजच निघून राह्यलाय."

ट्रक गेला की उन्हाळ्यापर्यंत ती कुठल्या उसाच्या फडात असेल, कुणाला ठाऊक. वाटूर फाट्यावर कचरूलालच्या दुकानात फोन होता. बाई नंबर फिरवत राहिल्या आणि तो लागेना. मी मेजावर हातभर अंतरावर होतो, पण काय कामाचा? एकदाचा लागला. ट्रक समोरच उभा होता, बायका चढत होत्या. कचरूलालनं तिला हाक मारून आणलं, पण बाई काहीही बोलल्या तरी पलीकडून नुसतं हं, हं.

आमच्या साळूबाईनं फोन मागून घेतला. "साळू, मी बोलते, तुझ्याच नावाची. तुला आतून रोग हाय. इलाज बराबर होतो. ट्रकात बसू नको." मग आमच्याकडं वळून म्हणाली, "कारभाऱ्यांला इचारते म्हणती." आणि पुन्हा फोनमध्ये, "आधी सामान खाली घे. मंग इचार."

फोन चालूच होता. ट्रकची घरघर आमच्या खोलीत ऐकू आली. ती वाढली, मग लांब गेली. 

"बाई," कचरूलालचा आवाज आला. "थांबले. दोघं बी."

कडूबाच्या साळूबाईच्या नव्या पट्टीवर त्याच पोकळ पेशी निघाल्या, आणि तिचा इलाज वेळेत झाला.

मित्रांनो, आता मी कपाटात असतो, भिंगावर बुरशी चढलीय. कधी बाहेर काढलंत तर मऊ फडक्यानं पुसा, शर्टानं नको. आणि घरातली बाई अंगातलं दुखणं सांगायला लाजून नुसतं हं, हं करू लागली तर तिला तशीच सोडू नका. मला पेशी दिसतात. त्या कुणाच्या, ते माणसांनीच सांगावं लागतं.

एक सांगायचं राहिलं. इलाजानंतर कडूबाची साळूबाई पुन्हा तपासणीला आली होती. नवरा दारातच बसलेला. बेबीनंदानं नवी पट्टी हातात घेतली आणि मालकाचं नाव विचारलं. साळूबाईची मान खाली गेली. बेबीनंदा थांबून राहिली. मग साळूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, पदर सावरला.

"कडूबा," ती म्हणाली. "नीट लिवा."