लोखंडी फाटकातली दोन माणसं

ओहायोतले लोक आमच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या चार खेळाडूंच्या बचावफळीला ‘लोखंडी फाटक’ म्हणत. मी संघाचा डॉक्टर. चौघांची वजनं, रक्तदाब आणि मोडलेली बोटं यांची नोंद माझ्याकडे होती. डोक्याला बसलेल्या धक्क्यांची नोंद ठेवण्याची १९७१ साली पद्धत नव्हती.

टोलेडोविरुद्धच्या अंतिम सामन्यात चार मिनिटं उरली असताना लॉनी वाश्को एका धडकेनंतर उठला आणि सरळ पाहुण्यांच्या बाकावर जाऊन बसला. त्यांच्याच एका खेळाडूने त्याला दंडाला धरून परत आणलं.

“घ्या तुमचा माणूस. आमच्याकडे खायला कमी आहे.”

मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. “लॉनी, आज कुणाशी खेळतोय आपण?”

तो माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “डेटनशी.”

“स्कोअर?”

“वीस–सहा.”

गोंधळलेला माणूस अडखळतो. ही उत्तरं सलग आणि स्वच्छ होती, फक्त गेल्या रविवारच्या सामन्याची होती. मी वळून पाहिलं. मागे फळीतला त्याचा शेजारी, रूबेन टीग, ओठ हलवत उभा होता.

चौघांचा तो आपसातला करार होता: एकाचं डोकं फिरलं, की दुसऱ्याने डॉक्टरच्या पाठीमागून उत्तरं पुरवायची. संपूर्ण मोसम मी नेमकं कुणाला तपासत होतो, हे आता सांगता येणार नव्हतं. आणि आज तर उत्तरं पुरवणाराच चुकला होता.

“टीग, तू सांग. समोर कोण आहे?”

“डेटन! डॉक, चष्मा बदला.” तो मोठ्याने हसला.

मेंदू एकदा हादरला असताना दुसरा धक्का माणसाला मारू शकतो. असं एक शवविच्छेदन मी स्वतः केलं होतं. मी दोघांची हेल्मेटं उचलली आणि छातीशी धरली.

कोच मॉस धावत आले. “डॉक्टर, द्या ती इकडे! ते गोलरेषेपासून चार यार्डांवर आलेत!”

“दोघेही खेळणार नाहीत.”

“मग फाटकात काय तुम्ही उभे राहता?”

“कोच, हा मरेल.”

“गेली सहा वर्षं मरतोच आहे तो. द्या!”

त्यांनी एक हेल्मेट ओढलं. मी सोडलं नाही. आमची ओढाताण चालू असतानाच वाश्को उघड्या डोक्याने मैदानात निघाला. पन्नास हजार लोक टाळ्या वाजवू लागले. मी हेल्मेटं टाकून मैदानावर साचलेल्या बर्फावरून धावलो आणि मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. दोन पावलं त्याने मला फरफटत नेलं. मग तो गुडघ्यांवर आला आणि भडाभडा ओकला. डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा बरीच मोठी झाली होती; कवटीत रक्त साचत असल्याची ती खूण.

अँब्युलन्समध्ये स्ट्रेचर एकच होतं. वाश्कोला त्यावर घातलं, टीगला बाकड्यावर बसवलं आणि त्याचा पट्टा मी स्वतः आवळला. मैदानातून प्रचंड गलका उठला. कुणी काय मिळवलं, ते आम्ही कुणीच विचारलं नाही.

“लॉनी झोपलाय का?” टीगने विचारलं.

“नाही.”

“मग बोलत का नाही? डॉक, उठवा ना त्याला. माझं ऐकतो तो. अरे लॉनी!”

मी वाश्कोची नाडी मोजत होतो. एकोणचाळीसपर्यंत आलो आणि मोजणं चुकलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.