चाड्यावरची मूठ

मी शाळा सोडली ती पावसापायी. सातवीच्या पेपरात प्रश्न होता, पावसाळा कधी सुरू होतो? मी लिहिलं, "आमच्या गावात ठरलेलं न्हाई." अर्जुनराव मास्तरनं भोपळा दिला. खरं उत्तर सात जून हाय म्हणे, मृग लागतो त्या दिवशी. मी म्हणलं, "सर, गेल्या सात जूनला तुमी टँकरच्या लायनीत घागर घिऊन माझ्या मागंच हुबे होते की." पोरं खिदळले. मास्तर म्हणला, "भाईर हो." मी झाले ती झालेच.

तवापासून पेरण्याजोगा पाऊस कधी येतो ते मी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिते. तीन सालं झाले. सव्वीस जून, पाच जुलै, एकोणतीस जून. मृग येतो, गडगडतो, रस्त्याचा फुफाटा बसवतो अन् वीस-पंचवीस दिस तोंड दावत न्हाई. तरी गाव दर साली मृगालाच पेरतं.

औंदा बी सात जूनला पत्रे वाजले. दुसऱ्या दिशी आबा तिफण घिऊन तयार. तिफणीच्या डोक्यावर लाकडाची वाटी आसती, तिला चाडं म्हणतेत. बैलं हाणायचं काम आबाचं, चाड्यात मुठीनं बी सोडायचं माझं. बी सारखं सुटावं लागतं, न्हाईतर कुठं दाटी अन् कुठं टक्कल. माझ्यासारखी मूठ गावात कुणाची न्हाई. हे शेजारची विमलबाई पण म्हणती, जी माझ्याशी बोलत न्हाई.

बी एकच डेरा होतं, मायनं राखेत कालवून ठिवलेली घरची बाजरी. गेल्या साली दोनदा पेरलं, म्हून तेवढंच उरलेलं. ते करपलं तर पाच एकर रान कोरं.

मी माती उकरली. बोटभर ओल, खाली धूळ.

"आबा, वीतभर ओल झाल्याबिगर मी मूठ धरत न्हाई."

"तू कोण ठरवणार?"

"मूठ कुणाची हाय?"

"मंग मीच धरतो!"

मी चाडं उपसलं अन् लिंबावर चढले.

"उतर, शिवे! तिकडं बघ, मास्तरनं आठ एकर पेरून टाकलं. शिकलेला माणूस हाय त्यो."

"म्हून तर!"

मायनं भाकर वर फेकली. ठेचा काही फेकता येईना, म्हून उतरावं लागलं. पर चाडं पोटाला बांधून हिंडले. चार दिस.

पाचव्या दिशी आबा गोड बोलत आले. "चल बाई, वीतभर ओल झाली."

पाऊस तर थेंब न्हाई. गेले. हात घातला, खरंच मनगटापतोर चिखल! पर ओल परातीएवढी गोल. बाजूला घागरीच्या बुडाचा ठसा. आबाच्या धोतराचा सोगा भिजलेला.

"आबा, मृग घागरीतून पडला का?"

"पाझर आला आसंल खालून."

"पाच एकरात नेमका हितंच?"

मागं माय येऊन हुबी होती. टँकरच्या दोन घागरी कुठं गेल्या म्हून ती सकाळपासून गल्ली पालथी घालत होती. विमलबाईशी भांडून बी झालं होतं. मंग बांधावर आसा गडगडाट झाला की मृगाला जमला न्हाई. त्या दिसापासून माय माझ्याकडून. बियाच्या डेऱ्यावर पाटा ठिवला अन् पाट्यावर सोता बसली.

पर मास्तरचं उगवलं की. हिरवंगार. आबा रोज बघून यायचे अन् माझ्याकडं बघून नुसतं खाकरायचे. खरं सांगते, मला बी भ्या वाटाय लागलं. भिंत काय, कोळशानं लिहिलेली. तीन सालं मृग चुकला म्हून चौथ्या साली चुकंलच कशावरून? मी कुणाला बोलले न्हाई. चाडं मात्र सोडलं न्हाई.

मंग वारं सुटलं. नुसतं कोरडं वारं. विसाव्या दिशी मास्तरची बाजरी तंबाखूवानी चुरायला लागली.

एक जुलैला दुपारी पाऊस धरला, त्यो दुसऱ्या दुपारी थांबला. दोन दिसांनी आबानं सोताच माती उकरली, सोताच्या हातानं मापली.

"वीतभर हाय," आबा म्हणले. हाताची माती झटकत म्हणले, "आन् माझी वीत तुझ्यापेक्षा मोठी हाय."

चाड्याला कुंकू लावून माझ्यापुढं ठिवलं. दोन दिसांत आमचं पाच एकर पेरून झालं. भिंतीवर एक जुलै लिहिलं.

तिसऱ्या सकाळी मास्तर बांधावर. काखेत दुकानाच्या बियाचे पाकिटं.

"शिवकन्या, आमच्या रानात येतीस का मूठ धराय?"

"सर, पावसाळा कधी सुरू होतो?"

"सात जू..." जीभच अडली बिचाऱ्याची. "म्हंजे पुस्तकात."

"मंग पुस्तकातच पेरा की."

आबा डोळे वटारून, "अगं, मास्तर हायत!"

मास्तरनं काखेतले पाकिटं चाचपले. शेवटी म्हणला, "बरं, त्या उत्तराला अर्धा मार्क देतो."

गेले. अर्ध्या मार्काला मी त्याचं चार एकर पेरलं, बांधावर चाडं पालथं घातलं अन् त्याच्यावर बसून भाकर सोडली.

"आगं, राहिलेलं चार?" मास्तर म्हणला.

मी ठेचा खात राहिले. वर ढग दाटत होते. मास्तरनं एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडं. घास संपायच्या आत पुरा मार्क मिळाला.